वाघ धरला, पण जागा तशीच राहिली

आमच्याकडे बिबट्याला बिबट्या फक्त फॉरेस्टवाले आणि पेपरवाले म्हणतात, बाकी सगळ्यांसाठी तो वाघच. "काल वाघ दिसला का रे?" हे जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात लोक "जेवलास का" इतक्या सहज विचारतात. मी आंबेगाव तालुक्यातला, नोकरीमुळे पुण्यात, आणि ऑफिसात दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की अरे तुमच्याकडे एवढे बिबटे झालेत तर पकडून जंगलात का सोडत नाहीत? गावी गेलो की चुलते, म्हणजे आमचे नाना, तेच विचारतात, फक्त आवाज चढवून. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहू, कारण उत्तर तसं सोपंय पण ते कळायला आधी ऊस कळावा लागतो.

हो, ऊसच. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या रानात बाजरी, मटकी, हुलगे, सगळं पावसावरचं. मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, आणि कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, मागोमाग साखर कारखाने. आता आडसाली ऊस घ्या. जुलै-ऑगस्टात लावला की सोळा-अठरा महिने तो रानातच उभा असतो, तुटला की त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो, म्हणजे एकाच वावरात दोन-तीन वर्षं डोक्याच्या वर हिरवा आडोसा. बांधणी झाली की आत माणूस फिरकत नाही, पाचट पडलेलं असतं, भर उन्हाळ्यात आत गारवा असतो आणि पाणी पाटाने आपोआप येतं. बिबट्याच्या मादीने पिल्लं घालायला जागा शोधायची तर अजून काय पाहिजे?

राहिलं खाणं. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लोकांना वाटतं हा शेळ्या-वासरांवर जगतो. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलंय, ऊस असलेल्या, दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहणाऱ्या भागात. कॅमेरे लावून त्यांना दर १०० चौरस किमीला जवळपास ५ मोठे बिबटे सापडले, आणि त्या भागात हरणं वगैरे मोठं जंगली खाद्य जवळजवळ नाहीच. मग हे खातात काय हे बघायला त्यांनी विष्ठा तपासल्या, तर वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के खाणं पाळीव किंवा गावातल्या जनावरांचं निघालं आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. मांजरं सुद्धा शेळ्यांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे आपल्याला दुःख शेळीचं होतं कारण शेळीला किंमत आहे, कुत्रं गेलं तर कोणी पंचनामा मागायला जात नाही, आणि म्हणून कुत्र्यांचा हिशोब कोणाच्याच वहीत नसतो.

आता हे कुत्रे कशावर जगतात ते तुम्हीच बघा. कुठल्याही गावाच्या वेशीबाहेर जा, ओढ्याच्या कडेला लग्नाच्या हॉलचं उष्टं, चिकनवाल्याची घाण, आणि आमच्या भागात स्पेशल म्हणजे पोल्ट्री. शेडमध्ये रोज काही कोंबड्या मरतातच, त्या खड्ड्यात पुरायच्या असतात, पण पोतं भरून ओढ्यात फेकणं सोपं. त्या पोत्यावर कुत्री येतात, डुकरं येतात, आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो. ही साखळी एकदा डोक्यात बसली की बाकी सगळं कळायला सोपं जातं.

जंगल तोडलं म्हणून बिचारा गावात आला, हे वाक्य पुण्यात फार चालतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. भीमाशंकरच्या बाजूला जंगलाचं काय झालं तो वेगळा विषय, पण खाली सपाटीला, जिथे आज बिबटे आहेत, तिथे माझ्या वडलांच्या लहानपणीही जंगल नव्हतं, माळ होता. आजचा बिबट्या उसातच जन्मला, त्याची आई उसातच जन्मली. त्याला तुम्ही "घरी परत" म्हणून जंगलात सोडलं तर ते त्याचं घर नाहीच.

मग आता मूळ प्रश्न, पकडून सोडलं तर काय होतं. बिबट्याची हद्द असते. एका मोठ्या नराची हद्द बरीच मोठी आणि तिच्यात दोन-तीन माद्यांच्या हद्दी, असं साधारण गणित. त्या हद्दीतला जुना नर सगळं ओळखून असतो, कुठल्या वस्तीवर कुत्रं मोकळं असतं, कोण किती वाजता मोटार चालू करायला येतो, कुठून लपून जायचं. तो माणसाला टाळून जगायला शिकलेला असतो, नाहीतर इतकी वर्षं आपल्या उशापायथ्याशी राहिलाच नसता. त्याला उचललं की जागा रिकामी होते, आणि ही जागा म्हणजे पुण्यात स्टेशनजवळची भाड्याची खोली समजा, पाटी लागायच्या आत भाडेकरू हजर. ऊस तोच, कुत्री तीच, ओढ्यातलं पोतं तेच. फक्त आता येणारा तरणा असतो, नवखा असतो, कधीकधी एकाच्या जागी दोन येतात आणि त्यांची आपसात भांडणं. आपण वाघ धरला, जागा धरली नाही.

आणि ज्याला नेऊन सोडला त्याचं? २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर काढला, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. लोक त्याला आजोबा म्हणायला लागले. तर हा आजोबा हायवे ओलांडत, रेल्वे रूळ ओलांडत, खाडी पोहून, साधारण १२० किलोमीटर चालत थेट मुंबईला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोचला. वाटेत एका माणसाला हात लावला नाही. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, मलाही आवडते, पण तिचा अर्थ असा की जिथे सोडलं तिथे जनावर थांबत नाही. दोन वर्षांनी तो गाडीखाली गेला.

सगळेच आजोबासारखे शांत नसतात हे आमच्या भागाने त्याच्या आधीच भोगलं होतं. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या प्रमाणात पकडून आसपासच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगलाच होता, कोणालाही सुचेल तेच केलं. पुढे त्या काळातल्या नोंदी अभ्यासल्या तर दिसलं की मोहिमेच्या आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, नंतर ते १७ झाले, हल्ल्यांमध्ये माणूस दगावण्याचं प्रमाण दुप्पट झालं, आणि बरेचसे हल्ले जिथे बिबटे सोडले त्याच्या जवळ झाले. कारण काय तर जनावर पकडताना पिसाळतं, पिंजऱ्याच्या गजांना चावून सुळे तुटतात, नखं उखडतात, मग अनोळखी ठिकाणी उपाशी, दुखऱ्या तोंडाने सोडून दिलेलं. कुत्रं धरायला सुद्धा सुळे लागतात.

मुंबईतही त्याच सुमाराला, २००२ ते २००४, उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये हल्ल्यांची रांग लागली होती आणि तिथेही बाहेरून आणून सोडलेले बिबटे होते. ते सोडणं थांबलं. नंतर २०११ पासून वनविभाग, अभ्यासक आणि साधी नागरिक मंडळी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे तेच संजय गांधी उद्यान) म्हणून काम सुरू झालं. पोलिसांना गर्दी कशी आवरायची ते शिकवणं, पत्रकारांना नरभक्षक शब्द जपून वापरायला सांगणं, आरेच्या पाड्यांत कचरा आणि उजेड याबद्दल बोलणं. ऐकायला काहीच ग्रेट नाही, पण बिबटे अजून तिथेच आहेत आणि हल्ल्यांची ती रांग राहिली नाही.

आता इथपर्यंत वाचून गावाकडचा कोणी म्हणेल, शहाणपण शिकवतोय पुण्यात बसून. म्हणू दे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात वीस-बावीस दिवसांत तीन माणसं गेली, त्यात एक पाच वर्षांची मुलगी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला, आणि शेवटी बिबट्याला गोळी घातली गेली. माझ्या मते ते बरोबरच होतं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण एकदम वरचं, पण माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर पकडायची, ते जमत नसेल तर मारायची परवानगी त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात आहे. माणसावर येणारा एक बिबट्या हटवणं वेगळं आणि दिसला वाघ की लाव पिंजरा हे वेगळं, गोंधळ या दोन्हीत होतो. पिंजऱ्यात शेळी बांधली की त्या रात्री जो भुकेला जाईल तो अडकतो, गुन्हेगारच अडकेल असं काही नाही.

त्या दिवसांत त्या भागातल्या बायका-माणसांचे फोटो आले होते, गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात खुरपताना. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतात ना तसे, कारण वाघ गळा धरतो. मी तो फोटो नानांना दाखवला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे आता आपण कुत्री झालो." हे ऐकल्यावर सहजीवन वगैरे शब्द तोंडातून काढायची लाज वाटते. सरकार माणूस गेल्यावर २५ लाख देतं, ते द्यायलाच पाहिजेत, पण ते नंतरचे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो रात्रीच्या लाईटचा. शेतीच्या पंपाला थ्री फेज पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस दोन वाजता उठून उसात दारं धरायला जातो, म्हणजे वाकून, खाली बसून, हातात फावडं, एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवत. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस दिसत नाही, त्याला चार पायांचं काहीतरी दिसतं. खुरपणाऱ्या बायका, खेळणारी पोरं, उघड्यावर बसलेला माणूस, हल्ले जास्त करून अशांवर होतात, ताठ उभ्या चालणाऱ्यावर कमी. म्हणून दिवसा वीज हा आमच्याकडे बिबट्यावरचा उपाय आहे, आणि सौर कृषी वाहिनीची जी योजना चाललीय ती मला त्या दृष्टीने पिंजऱ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. पण पिंजरा आला की फोटो निघतो, फिडर (शेतीपंपांची वीजलाइन) सोलरवर गेला की कोण फोटो काढतंय.

पिल्लांची गोष्ट सांगतो, कारण ती मी डोळ्याने बघितली. फेब्रुवारी होता, शेजाऱ्यांच्या फडात तोड चालू होती, टोळी बीडकडची. सकाळी नऊच्या सुमाराला एका बाईने कोयता मारता मारता हात थांबवला, पाचटात तीन पिल्लं, मांजराएवढी, डोळे निळसर, आणि अंगावर अजून धड ठिपकेही उठले नव्हते. पाच मिनिटांत अर्धं गाव जमा. कोणी मोबाईल काढला, एक पोरगा उचलायलाच निघाला होता, त्याला मुकादमाने शिवी घातली. नशीब शिवी घातली. पिल्लं हलवली आणि आईला ती सापडली नाहीत तर ती रात्रभर आसपासच्या वस्त्यांवर फिरते, आणि तेव्हाच कोणाच्या तरी दारात गाठ पडते.

वनखात्याची माणसं आली, डॉक्टरने पिल्लं तपासली, आणि संध्याकाळी एका टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून तो क्रेट बरोबर त्याच सरीत परत ठेवला. आमच्या भागात क्रेट म्हणजे टोमॅटोचाच, नारायणगाव मार्केटचा शिक्का असलेला. बाजूला खुंटीला कॅमेरा बांधला आणि सगळ्यांना घरी पिटाळलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातलं दाखवलं मोबाईलवर, पांढरं-काळं चित्र, आठच्या आत मादी आलेली, आधी क्रेटभोवती दोन चकरा, मग पंजाने क्रेट कलंडवला आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेलं. तिसऱ्याला न्यायला यायला तिने जवळजवळ तास लावला, तोवर ते एकटंच क्रेटच्या जाळीशी खेळत होतं. आमच्या भागात दर गाळप हंगामात असं कितीतरी वेळा होतं, माणसाचा हात लागला तर आई घेत नाही हा नुसता समज आहे.

पण त्या दिवशी टोळीची तोड थांबली, आणि तोडणाऱ्यांना पैसे टनावर मिळतात. वाघीण पिल्लं घेऊन गेली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी त्या कोयत्याचा बुडालेला रोज विचारला नाही, मीही नाही. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उघड्या, दार म्हणजे साडीचा पडदा, पोरं जमिनीवर झोपलेली, आणि रात्रीच्या अंधारात सगळ्यात जास्त जोखीम त्यांचीच. कारखान्याने टोळी आणली तर कोप्यांभोवती जाळी आणि दोन दिवे लावणं हे ऊस वाहतुकीच्या खर्चापुढे किती आहे हो?

गावाने करायच्या गोष्टी एकदम रटाळ आहेत, म्हणूनच होत नाहीत. मेलेल्या कोंबड्यांसाठी खोल खड्डा, चुना आणि वर झाकण, आणि ओढ्यात पोतं सापडलं तर ग्रामपंचायतीने दंड लावायचा, मग तो सरपंचाचा मेहुणा का असेना (आमच्याकडे गाडी इथेच अडते). कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस, जी २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचीच जबाबदारी आहे, पण एकट्या ग्रामपंचायतीकडे ना डॉक्टर ना जागा, त्यामुळे चार-पाच गावांनी मिळून करावी लागेल. कुत्री उचलून दुसऱ्या गावाला सोडणं चालतं आमच्याकडे, रात्रीत टेम्पो भरून, आणि त्याचं पण बिबट्यासारखंच, खरकटं तिथेच असल्यामुळे महिन्यात नवी कुत्री येतात, वर लस न घेतलेली.

शेळ्यांचा गोठा बंदिस्त पाहिजे. बंदिस्त म्हणजे नुसती भिंत नाही, वरून सुद्धा जाळी, कारण सात-आठ फूट उडी त्याला काहीच नाही. नानांनी तीन बाजूंनी जाळी मारली आणि वर पत्रा अर्धाच टाकला, पैसे संपले म्हणून, आणि अर्थातच तो त्या उघड्या अर्ध्यातून आत आला. आत शिरल्यावर कोंडलेल्या शेळ्या सैरावैरा पळतात आणि तो एक न्यायच्या ऐवजी पाच मारून ठेवतो. नानांच्या चार गेल्या. पंचनामा झाला, भरपाई मिळायला मात्र इतका वेळ लागला की मधल्या काळात त्यांनी वनखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उशिरा मिळालेली भरपाई बिबट्याला सगळ्यात महागात पडते असं मला वाटतं, कारण विष घातलेलं मांस काही जंगलप्रेमी टाकत नाहीत, चिडलेला माणूस टाकतो.

आणि विहिरी. कठडा नसलेल्या विहिरी आमच्याकडे ढिगाने, रात्री कुत्र्यामागे पळता पळता बिबट्या आत. काढायची पद्धत बघण्यासारखी असते, आधी दोरांनी एक बाज खाली सोडतात, तो पोहून दमलेला असतो, बाजेवर चढून धापा टाकत बसतो, मग पिंजरा उतरवतात. गर्दी आरडाओरडा करत असेल तर तो बाज सोडून परत पाण्यात उडी मारतो, म्हणून निम्मं काम हे गर्दी लांब ठेवायचं असतं. कठडा बांधला की हे सगळं वाचतं, माणसंही पडायची वाचतात.

नसबंदीचं सध्या फार ऐकू येतंय. २०२५ च्या शेवटी जुन्नर भागात मोजक्या मादी बिबट्यांवर प्रयोग म्हणून केंद्राने परवानगी दिली. करून बघायला हरकत नाही, पण मादी पकडा, ऑपरेशन करा, परत तिथेच सोडा, तर गाव परत सोडू देईल का? आणि किती बिबट्यांची करायची हेच धड कोणाला सांगता येत नाही, २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरलेत पण ती मोजणी मुख्यतः जंगलातली, उसातले त्यात नाहीत. ज्यांना पकडून परत सोडायचं नाही त्यांच्यासाठी माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आहे, २००७ पासून वनखात्याबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ते बघते, काळजी चांगली घेतात, पण तिथे गेलेल्या बऱ्याच बिबट्यांना जन्मभर पिंजरा, आणि पिंजऱ्यांना मर्यादा आहेच.

दिसला तर काय करायचं हेही लिहितो, कारण लोक चुकीचंच करतात. पळायचं नाही, खाली बसायचं नाही, पाठ न फिरवता हळूहळू मागे यायचं, पोर बरोबर असेल तर उचलून घ्यायचं, आणि १९२६ ला फोन, ती वनखात्याची हेल्पलाइन आहे. व्हॉट्सॅपवर दुसऱ्याच जिल्ह्यातला व्हिडिओ "आपल्या गावात आत्ता" म्हणून टाकायचा नाही, मागच्या वर्षी त्यापायी आमच्याकडे शाळा दोन दिवस बंद होती.

नानांनी दिवाळीनंतर गोठ्याचा राहिलेला पत्रा टाकला एकदाचा. या आठवड्यात त्यांच्या फिडरला रात्रीची पाळी आहे, साडेबाराला लाईट येते. पूर्वी एकटे जायचे, बरोबर कुत्रं. आता शेजारचे दोघं आणि ते असे तिघं मिळून जातात, तिघांचं पाणी एका रात्रीत आळीपाळीने भरतात, खिशात मोबाईलवर हरिपाठ मोठ्याने लावलेला, हातात घुंगुरकाठी. कुत्रं घरी, गोठ्यात, कडी लावून.